पेडण्याच्या व्यापाऱ्याने लढविलेला मराठीचा दावा

भाषेचा कैवार घेणारा मनुष्य म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शास्त्री, पंतोजी, कवी किंवा फार तर वर्तमानपत्राचा संपादक उभा राहतो. जमाखर्चाच्या वह्या, मालाची आवक-जावक आणि हुंडीची मुदत यांतच ज्याचा दिवस मावळतो तो व्यापारी त्या पंक्तीत पाट मांडून बसलेला आपण सहसा कल्पित नाही. निदान इंझोरीच्या माणसाने तरी असा समज बाळगू नये. मानोरा तालुक्यातल्या या गावाला कारंजाची पेठ पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे, आणि त्याच कारंजात जैन श्रेष्ठींनी मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतके जी हस्तलिखिते वाळवीपासून आणि ओलीपासून राखली, त्यांची दखल रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत घेतली गेली. पुढे डॉ. प. ल. वैद्य आणि अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ हे दहाव्या शतकातले अपभ्रंश ग्रंथ संपादिले, तेव्हा ते छापून निघाले ते कारंजाच्याच जैन ग्रंथमालांतून. मराठीच्या पूर्वजांपैकी एका भाषेची कागदपत्रे, म्हणजे, वऱ्हाडातल्या व्यापाऱ्यांच्या पैशावर आणि श्रद्धेवर जगली.

परंतु भांडार राखणारा व्यापारी निराळा आणि भाषेसाठी राजकारणाच्या आखाड्यात उतरणारा व्यापारी निराळा. या दुसऱ्या जातीचे एक उदाहरण युरोपात सापडते. आल्प्स पर्वताच्या डोलोमाइट रांगेत, जेथे पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाची हुकूमत होती आणि नंतर इटलीची आली, तेथील चार-पाच खोऱ्यांत लादिन नावाची एक लहानशी भाषा नांदते. ती लॅटिनची लेक, पण एका बाजूला जर्मन आणि दुसऱ्या बाजूला इटालियन अशा दोन तालेवार शेजारणींच्या मध्ये सापडलेली, आणि बोलणारे आज सुमारे तीस हजार. यांपैकी गार्देना खोऱ्यातले लोक लाकडाची कोरीव खेळणी आणि मूर्ती करून देशोदेशी विकत आले. त्या व्यापारात वाढलेल्या फ्रान्झ मोरोडर नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या खोऱ्याचा इतिहास लिहिला, गावच्या कारभारात भाग घेतला आणि घरात बोलल्या जाणाऱ्या लादिनला लेखनात मान मिळावा म्हणून खटपट केली. गंमत अशी की खोऱ्यावरचे त्याचे १८९१ सालचे पुस्तक मात्र जर्मनमध्ये आहे. घरच्या भाषेची बाजू मांडायला त्याला दरबारी भाषाच हाती धरावी लागली.

आपल्याकडे या प्रकारचा पुरुष शोधू गेल्यास सह्याद्री ओलांडून गोमंतकात जावे लागते. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, ज्यांना गोव्याची रयत ‘भाऊ’ किंवा ‘भाऊसाहेब’ म्हणे, ते १२ मार्च १९११ रोजी पेडण्यास जन्मले. पेडणे म्हणजे पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादीं’पैकी अगदी उत्तरेचा, सावंतवाडी संस्थानाला लागून असलेला मुलूख. साष्टी, बारदेश, तिसवाडी या जुन्या काबिजादींप्रमाणे तेथे धर्मांतराचा आणि इन्क्विझिशनचा वरवंटा फिरलेला नव्हता, त्यामुळे देवळातील कीर्तन, भजन, दशावतारी नाटके आणि देवस्थानांचे हिशेब यांच्या आश्रयाने मराठी तेथे बिनबोभाट नांदत होती. बांदोडकरांचा जन्म ज्या गोमंतक मराठा समाजात झाला, त्या समाजाने मंगेशीच्या दीनानाथांसारखा गायक महाराष्ट्राच्या रंगभूमीला दिला. आणि तरीही गोव्याच्या सामाजिक उतरंडीत त्या समाजाच्या वाट्याला अवहेलनाच अधिक आली होती. हा तपशील चरित्राच्या आरंभी उरकून टाकण्याजोगा नाही. पुढे त्यांना जे बहुजनांचे पाठबळ मिळाले त्याची मुळी येथे आहे.

शिक्षण बेताचे झाले, आणि पणजीत लहानसहान व्यापारापासून आरंभ करून ते हळूहळू खाणींच्या धंद्यात शिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलादाच्या कारखान्यांना लोहखनिजाची भूक लागली, आणि गोव्याच्या डोंगरांतील तांबडी माती मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जांनी मुरगाव बंदराकडे वाहू लागली. या नव्या संपत्तीने गोव्यात जे खाणमालक उदयास आणले त्यांत पिढीजात भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, बाहेरचे जे थोडके होते, त्यांत बांदोडकर एक. मिळविलेल्या पैशाला वाटही ते मोकळ्या हाताने देत. विद्यार्थ्यांना, शाळांना, देवळांना आणि अडल्यानडलेल्यांना त्यांच्या दारातून मदत गेल्याच्या कथा गोव्यात आजही सांगितल्या जातात. अशा दातृत्वात पुण्य किती आणि पुढच्या निवडणुकीची बेगमी किती, असा कुचकट प्रश्न विचारणारे लोक प्रत्येक काळात असतात. पण दान देऊ लागले त्या काळी गोव्यात निवडणूकच नव्हती, एवढे उत्तर पुरे.

आता त्या काळच्या गोव्यातील भाषेची अवस्था समजून घेतल्यावाचून पुढची कथा उमजणार नाही. गोव्यातील बहुतेक सर्व माणसे, हिंदू असोत वा ख्रिस्ती, घरात कोंकणी बोलत. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम रयतेला दिला होता. तो तंतोतंत अंमलात आला नाही हे खरे, पण कोंकणीला शाळा-कचेरीत पाऊल ठेवू न देण्याचे काम त्या वृत्तीने चोख केले. त्यापूर्वी काही पिढ्या फादर टॉमस स्टीफन्सने मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले होते आणि कोंकणीचे व्याकरणही लिहिले होते, म्हणजे एकाच इंग्रज पाद्र्याच्या लेखणीत दोन्ही बहिणी शेजारी बसल्या होत्या. पुढे त्यांची घरे वेगळी झाली. ख्रिस्ती गोवेकराची कोंकणी रोमन लिपीत प्रार्थनेतून आणि तियात्र या नाट्यप्रकारातून वाढली. हिंदू गोवेकर घरी कोंकणी बोले, पण पोथी, पत्र, नाटक आणि वर्तमानपत्र म्हटले की मराठीकडे वळे. मडगावला १९३० साली वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. उलट बाजूस शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, यांनी कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे असा पक्ष निष्ठेने मांडला, तर प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांसारख्या व्यासंगी पुरुषाने ती मराठीची बोली होय असे तितक्याच निष्ठेने प्रतिपादिले. विद्वानांचा वाद विद्वानांत राहिला असता तर बरे झाले असते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो वाद चावडीवर आला. ६ मार्च १९६३ रोजी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. त्याच्या नावातच त्याचा दावा लिहिलेला होता. त्याच साली ९ डिसेंबरला पहिली निवडणूक झाली. गोव्याच्या २८ जागांपैकी या पक्षाने १४ जिंकल्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने १२, आणि ज्या काँग्रेसच्या सरकारने सैन्य पाठवून गोवा सोडविला होता तिला गोव्यात एकही जागा लाभली नाही. पक्षाचे पुढारी बांदोडकर स्वतः उमेदवार म्हणून उभे नव्हते. तरीही प्रजासमाजवाद्यांच्या साहाय्याने २० डिसेंबर १९६३ रोजी तेच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि मागाहून मडकईच्या पोटनिवडणुकीत निवडून आले.

मुख्यमंत्रिपदी बसल्यावर या खाणमालकाने भाषेसाठी काय केले? त्याने कोश काढला नाही, परिभाषा समिती नेमून दप्तरे फुगविली नाहीत, की भाषेच्या थोरवीवर व्याख्याने झोडली नाहीत. त्याने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या वाड्यावर पोर्तुगीज अमदानीत पाटी-पेन्सिल पोचली नव्हती, जेथे कुळाच्या मुलाने भाटकाराची गुरे राखणे हाच अभ्यासक्रम समजला जाई, तेथे एखाद्या देवळाच्या मंडपात, कोणाच्या पडवीत किंवा मिळेल त्या आडोशाखाली वर्ग भरू लागले. इमारतीची वाट पाहत बसावे असे त्यांना वाटले नाही. मला त्यांच्या कारकिर्दीतला व्यापारी दिसतो तो येथे. माल खपायचा तर आधी तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचला पाहिजे, ही पेठेतली अक्कल त्यांनी मराठीला लावली. मराठीतून शिकविणारे शिक्षक हाताशी होते, पुस्तके पलीकडे महाराष्ट्रात तयार छापलेली होती, आणि वाचणाऱ्याला पुढे मोठे साहित्य उघडे होते; कोंकणीच्या बाजूस त्या घटकेला यांपैकी फारसे काही नव्हते.

शाळांच्या जोडीला १९६४ चा कूळकायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या या कायद्यामुळे बांदोडकरांचा मराठीचा कैवार आणि त्यांचा बहुजनांचा कैवार हे दोन ओघ एकच होऊन गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा येथल्या कुळाच्या मनात मराठी ही केवळ पोथीची भाषा राहिली नाही. भाटकाराच्या पुढ्यात ताठ बसून जमिनीचा कागद वाचण्याची ती भाषा होणार, असा त्याला भरवसा वाटू लागला. हे लक्षात न घेता गोव्यातील मराठीवाद हा परक्या महाराष्ट्राने फितविलेला उद्योग होता असे म्हणणारे त्या रयतेच्या बुद्धीचा अपमान करतात.

पण बांदोडकरांच्या दाव्याला दोन कलमे होती. पहिले मराठीचे, दुसरे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचे. त्यांना आणि त्यांच्या पक्षाला ही दोन्ही कलमे एकाच मुद्द्याच्या दोन बाजू वाटत होत्या, आणि माझ्या मते त्यांच्या राजकारणातील सर्वांत मोठी गफलत हीच. १९६५ च्या जानेवारीत गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. विरोधकांनी म्हटले, निवडणुकीतला कौल हा सरकार चालविण्याचा होता, घर मोडण्याचा नव्हता. अखेर केंद्राने सार्वमताचा कायदा केला, मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले, आणि १६ जानेवारी १९६७ हा दिवस मुक्रर झाला. विलीनीकरणास फूल ही निशाणी, संघराज्य प्रदेश म्हणून वेगळे राहण्यास दोन पाने.

त्या दोन महिन्यांत गोव्यात जे वाग्युद्ध झाले त्यातला एक विलक्षण विरोधाभास मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विलीनीकरणाच्या बाजूचे प्रमुख दैनिक ‘गोमन्तक’ मराठी होते, हे ठीकच. पण विरोधी पक्षाची तोफही मराठीतूनच धडधडत होती. मडगावचे ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिक, त्याचे संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यातला उदय भेंब्रे यांचा ‘ब्रह्मास्त्र’ हा स्तंभ. महाराष्ट्रात जाऊ नका, आपली कोंकणी अस्मिता राखा, हे हिंदू गोवेकराला मराठीत पटवून देण्यात आले. खेड्यांतून उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी फिरत होती, हेही खरे. जर्मन भाषेत लादिनची कड घेणाऱ्या त्या मोरोडरला हा प्रकार ताबडतोब उमजला असता.

निकाल लागला तेव्हा वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी दुसरे कलम खारीज झाले. आणि मग अवघ्या दहा आठवड्यांनी, मार्चच्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक होऊन त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा गादीवर बसविले. पक्षाचा मूळ उद्देश लोकांनी फेटाळला आणि पक्षाला मात्र राखले. राजकारणाच्या पंडितांना हे कोडे वाटते; मला त्यात शहाणपण दिसते. शाळा हवी, जमीन हवी, मराठी पुस्तक हवे आणि भाऊही हवेत. परंतु त्यासाठी मुंबईच्या सचिवालयाच्या पायऱ्या झिजवायची आमची तयारी नाही, असे गोवेकराने दोन वेगवेगळ्या मतपत्रिकांवर लिहून दिले. बांदोडकरांनी जे एकत्र बांधले होते ते मतदाराने सोडवून निराळे केले. पराभूत कलमाविषयी त्यांचा विषाद लपला नाही, तरी कारभारात त्यांनी तो आड येऊ दिला नाही. १९७० साली त्यांच्या राजवटीत कला अकादमी स्थापन झाली, १९७२ च्या निवडणुकीत पक्षाला १८ जागा मिळाल्या, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच ते निवर्तले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या हाती राज्याची सूत्रे गेली.

त्यांनी कोंकणीला न्याय दिला काय? नाही, असेच म्हणावे लागेल. ज्या भाषेत त्यांनी मते मागितली, ज्या भाषेत पेडण्याच्या बाजारात कुणाही म्हातारीला थांबवून ते तिची विचारपूस करीत, तिला शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्यात त्यांना विसंगती वाटली नाही. मराठी ही आपली ग्रंथभाषा आहे हे म्हणणे सत्य होते. म्हणून कोंकणी ही भाषाच नाही, हे त्यातून निघत नव्हते. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने कविता लिहून हे कितीतरी आधी सिद्ध केले होते, परंतु कवीचा पुरावा विधानसभेत ग्राह्य धरला जात नाही.

इंझोरीहून हे सारे पाहताना मात्र निकालपत्र इतक्या घाईने लिहवत नाही. आपल्या मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, जेथे सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला देशभरचा बंजारा समाज लोटतो. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लदेणीचा व्यापार करणाऱ्या, मोगलांच्या फौजांना रसद पुरविणाऱ्या या व्यापारी जमातीची गोरमाटी भाषा आपल्या तांड्यांतून रात्रंदिवस ऐकू येते, आणि सकाळी दहा वाजता शाळेची घंटा झाली की तांड्यातले पोर ती फाटकाबाहेर ठेवून मराठी वर्गात बसते. खानेसुमारीत तिचे बोलणारे हिंदीच्या खात्यात जमा होतात. लिहायची झाल्यास महाराष्ट्रात ती देवनागरीत, आंध्र-तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कानडीत लिहिली जाते. गोव्यात मराठीने कोंकणीवर अन्याय केला असे आपण म्हणतो, तेव्हा येथे मराठी कोणत्या पाटावर बसली आहे तेही पाहावे.

योगायोगाने या गोष्टीचा दुसरा धागाही आपल्याच परिसरातून निघतो. बांदोडकर मुख्यमंत्री झाले त्याच्या पंधरा दिवस आधी, ५ डिसेंबर १९६३ रोजी, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक आले होते. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजाचे, घरी गोरमाटी बोलणारे. म्हणजे गोव्यातल्या ज्या विरोधकांना महाराष्ट्रात गेल्यास घरची भाषा बुडेल अशी धास्ती होती, त्या महाराष्ट्राचा कारभार त्या वेळी एका लहान भाषेच्या लेकराच्या हाती होता. या वस्तुस्थितीने त्यांची धास्ती दूर व्हायला हवी होती की वाढायला, हे सांगणे सोपे नाही. नाईकांचा दाखला देऊन कोणी म्हणेल की मराठीच्या राज्यात तांड्यातला मुलगा सर्वोच्च पदी पोचू शकतो. दुसरा विचारील की तो पोचला, त्याच्या भाषेचे काय? दोघांचेही म्हणणे बिनतोड आहे.

गोव्यात त्या प्रश्नाची तड कायद्याने लागली. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ मध्ये राजभाषेसाठी उग्र आंदोलन पेटून त्यात माणसे बळी पडली, आणि फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली. मराठीचा उपयोग शासकीय कामासाठी करण्याची तरतूद त्याच कायद्यात ठेवण्यात आली. मे १९८७ मध्ये गोवा राज्य झाले आणि १९९२ साली कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मराठीलाही राजभाषेचा पूर्ण दर्जा द्या, ही मागणी गोव्यात अधूनमधून उठते, तशीच कोंकणीच्या रोमन लिपीला मान्यता द्या ही दुसरी मागणीही उठते. दरम्यान बांदोडकरांनी उघडलेल्या मराठी शाळांतून शिकून बाहेर पडलेली पिढी आता आजोबा-आजी झाली आहे. तिच्यातले कितीतरी जण घरी नातवंडांशी कोंकणीत बोलतात, सकाळी मराठी दैनिक वाचतात आणि त्याच नातवंडांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात.

सेवालाल महाराजांच्या भाषेचा अर्ज आठव्या परिशिष्टाच्या दारात अद्याप पडून आहे.